होडीतलं वजन

"होडीत माणसं किती?" मेकॅनिकने विचारलं.

"दोन," खलाशी म्हणाला.

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. तीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं, तेच तोंडातून गेलं. धक्क्यावर सगळे त्याला खलाशी म्हणत, कारण होडी वळवायचा इंजिनाचा दांडा कायम बायकोच्या हातात असे आणि हा पुढे बसून जाळं सोडायचा. बायकोला सगळे कॅप्टन म्हणत. आधी ते चिडवणं होतं, मग ती नावंच होऊन बसली.

"बरं केलंत, कोणी तरी गडी ठेवलात," मेकॅनिक म्हणाला. "वहिनी आजारी पडल्यापासून एकटेच जाता असं ऐकलं होतं."

खलाशाने इंजिन तिरपं करून त्याचा पाण्यात फिरणारा पंखा वर काढला. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी कॅप्टनच्या हातातून चहाचा कप सुटला आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. तेव्हापासून ती पलंगावर होती आणि हा एकटा पाण्यावर. भूक लागली की जेवायचं, उजाडलं की निघायचं. कसं चाललंय विचारलं की "चाललंय" म्हणायचं. यापलीकडे त्याला आतून काही वाटेनासंच झालं होतं.

मेकॅनिकने पंखा हाताने फिरवून पाती तपासली. "अकराचाच आहे. म्हणजे एका फेऱ्यात होडीला अकरा इंच पुढे ढकलणार. दोन माणसं, जाळं, मासे, एवढ्या ओझ्याला अगदी बरोबर. होडी हलकी असती तर गोष्ट वेगळी. मग इंजिनाला पुरेसं ओझं मिळत नाही, ते भलतंच पळत सुटतं, तापतं आणि एक दिवस मान टाकतं."

"गेल्या आठवड्यात टाकली की. भर पाण्यात तासभर बसून होतो."

"चला, बघूनच येऊ."

मेकॅनिक फेरे मोजायचं यंत्र घेऊन पुढच्या फळीवर बसला. अंगाने तो बऱ्यापैकी भरलेला होता. खलाशाने वेगासाठी दांडा पूर्ण पिळला. होडी सरळ, सपाट निघाली आणि इंजिन जुन्या, खालच्या आवाजात गुणगुणू लागलं. हा आवाज त्याने आठ महिन्यांत ऐकला नव्हता. बरं वाटायला हवं होतं. वाटलं काहीच नाही.

"मिनिटाला सत्तावन्नशे फेरे!" मेकॅनिक ओरडला. "काही धाड भरलेली नाही तुमच्या इंजिनाला! मला घरजावई करून घ्या आणि रोज इथे बसवा, झालं!"

धक्क्याला लागल्यावर मात्र त्याने हसणं आवरलं. "तुमचा गडी माझ्याएवढाच ना हो अंगाने?"

खलाशी दोर बांधत राहिला. बांधून झालेला दोर सोडून पुन्हा बांधला.

"गडी नाही," तो म्हणाला.

"मग दुसरं माणूस कोण?"

"ती घरी आहे."

मेकॅनिक उतरला. मग यंत्र खलाशाच्या हातात देत म्हणाला, "आता एकटे एक फेरी मारून या."

या वेळी होडीचं तोंड वर उचललं गेलं आणि इंजिन किंचाळलं. आकडा त्रेसष्टशेवर गेला. धक्क्यावर उभ्या मेकॅनिकला आकडा सांगायचीही गरज पडली नाही.

"एकट्याला तेराचा लावू," तो म्हणाला. "पण वहिनी परत येणार असतील तर तो जड पडेल. होडी पाण्यातून उठायची नाही. म्हणून तुम्ही सांगा. येणार आहेत का?"

हेच तर खलाशाला कोणी विचारायला नको होतं. कॅप्टन रोज डाव्या हाताने रबराचा चेंडू दाबायची. "दांडा आता डाव्या हातानेच धरावा लागेल," म्हणायची. आणि डॉक्टरांनी याला बाहेर व्हरांड्यात घेऊन सांगितलं होतं, की काठी धरून घरातल्या घरात चालतील, पाण्यावर आता नाही. ते त्याने आठ महिने पोटात ठेवलं होतं. तेराचा पंखा लावणं म्हणजे तिला ते तोंडावर सांगणं. आणि न लावावा तर आज ना उद्या इंजिन जाणार, मग खायचं काय?

"लावा तेराचा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन शहाण्यासारखं चाललं. घर धक्क्याला लागूनच होतं, पलंग खिडकीशी. जाताना त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. जाळं टाकताना, ओढताना, दिवसभर तो तिला सांगायचं एकच वाक्य मनात घोळवत राहिला, की कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता, काढला. दुपारी टोपल्या भरून तो परतला, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

"काल पंखा बदललात ना?"

"छे गं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा..."

"अहो, हात गेलाय माझा, कान नाही गेले. तेराचा लावलात?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. अंगाला माशांचा वास येत होता. एरवी असा बसला असता तर तिने हाकलून दिलं असतं.

"तेराचा," तो म्हणाला.

"जाताना झकास वाजला. येताना मात्र कण्हत होता. मासे बरे लागले वाटतं?"

"लागले."

"मग तेराचा जास्त होतो. बाराचा हवा."

"तू यायला लागलीस की पुन्हा अकराचाच..." त्याने सुरुवात केली.

"उशीखाली कागद आहे, तो घ्या," ती म्हणाली.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं. डाव्या हाताची अक्षरं, पहिलीतल्या पोरासारखी वाकडी. होडी. इंजिन. पेट्रोलची टाकी. जाळं, निम्मंच. मासे आणि बर्फ. आणि शेवटी 'हे, चौसष्ट किलो'. दुसरं माणूस यादीत नव्हतं. खाली बेरीज, आणि बेरजेखाली बारा, भोवती गोल.

"कधी लिहिलंस?"

"इंजिन ओरडायला लागलं त्याच महिन्यात. म्हटलं, हे आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही विचारेचनात." तिने चेंडू एकदा दाबला आणि मांडीवर ठेवून दिला. "मला कोणी सांगायला लागत नाही हो. होडी माझी आहे."

आता रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही. त्याने बोटाने वरपासून एकेक आकडा धरून बेरीज केली. कुठे तरी चूक सापडेल म्हणून पुन्हा केली. बेरीज बरोबर होती.