सांडोरच्या ड्रायव्हरचा कागद

आत्माराम चौबळांच्या भिंगाखालून मुंगी गेली तरी तिला आधी रेशनकार्ड दाखवावं लागतं, असं माणिकपुरात म्हणत. आणि म्हणणाऱ्यांत पहिली त्यांची बायको जयवंती. छत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात काढून आत्माराम निवृत्त झाले, त्यांचे डोळे मात्र झाले नाहीत. लढाईच्या काळातली सन्मानपत्रं आणि पदकांसोबतच्या चिठ्ठ्या जमवायचा त्यांना नाद. त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं महायुद्ध पलंगाखाली होतं आणि पहिलं माळ्यावर. कागद अस्सल की बनावट, हे विचारायला लोक पार देवळालीहून येत. बनावट कागदाला त्यांनी कधी दयामाया दाखवली नाही, सख्ख्या मेव्हण्याच्या कागदालासुद्धा.

१९९५ च्या जुलैत शेजारच्या सांडोर गावाहून लुईझाबाई डाबरे आल्या. लाल लुगडं, काखेत उशीचा अभ्रा, हातात केळ्यांची फणी.

"कागद तपासायच्या आधी मी काही घेत नाही," आत्माराम म्हणाले.

"तुम्हाला कोन देतंय? ताईंना आनलीत," म्हणून लुईझाबाईंनी फणी जयवंतीच्या हातात दिली आणि अभ्र्यातून सन्मानपत्र आणि त्यासोबतची चिठ्ठी काढली. दोन्ही इंग्रजीत, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी होती. त्यांचा नवरा प्लासिड तरुणपणी ब्रह्मदेशच्या लढाईत लष्कराची लॉरी चालवत होता. डोंगरातला अरुंद रस्ता, समोरून गोळीबार, गाडी वळवायला जागा नाही. तेव्हा मागे चौदा जखमी घेऊन त्याने लॉरी अकरा मैल उलटी चालवली. हे तो पन्नास वर्षं सांगत होता. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण शेवटी रानातून एक हत्ती येई आणि सोंड उचलून त्याला सलाम ठोकी. त्या हत्तीने सगळा घात केला. गाव हसायचं. आता महायुद्ध संपून पन्नास वर्षं होणार म्हणून गावचं मंडळ ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार करणार होतं, आणि सेक्रेटरी अल्पेशने बजावलं होतं, आधी कागद खरा ठरवून आणा, मग शाल.

"शाल नाय दिली तरी चालेल," लुईझाबाई म्हणाल्या. "पन त्याच्या छातीत पानी झालंय. डॉक्टर काय नीट बोलत नाय. गावाने एकदा तरी न हसता त्याचं ऐकावं, एवढंच."

आत्मारामांनी कागद दोन दिवस ठेवून घेतला. उजेडाकडे धरला, पाणचिन्ह त्याच काळातलं. राजमुद्रेच्या कडा नीट दाबलेल्या. नाव टाइप केलेलं. मागून बोट फिरवलं की अक्षरं बोटाला लागत होती. ब्रिटिश युद्धमंत्र्याची सही छापील होती. बनवणारे फसतात ते इथेच. बिचारे मन लावून पेनाने सही करतात. पण लढाई सोडून हजारो कागदांवर सह्या करत बसायला मंत्र्याला काय दुसरा धंदा नव्हता? शेवटी आत्मारामांनी वास घेतला. कापूर, डांबराच्या गोळ्या आणि थोडी सुकट. कागद सोळा आणे खरा.

फक्त त्यावरचं नाव प्लासिड नव्हतं. 'ड्रायव्हर जोसेफ डाबरे' होतं.

"कागद खरा, माणूस दुसरा," ते जयवंतीला म्हणाले. "मेलेल्या सोबत्याचा घेऊन आला असेल. किंवा चोरबाजारातून."

"मग आता त्या बाईला नेहमीसारखं नकाराचं पोस्टकार्ड टाकणार?"

आत्मारामांनी पोस्टकार्ड काढलंच नाही. संध्याकाळी रिक्षा करून स्वतः सांडोरला गेले.

प्लासिडबाबा ओटीवर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सकाळची गोळी घेतली की नाही हे त्यांना आठवत नव्हतं. आत्मारामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लष्करातला नंबर काय होता तुमचा?"

बाबांनी बसल्या बसल्या टाचा जुळवल्या आणि नंबर एका दमात इंग्रजीत म्हणून टाकला. सन्मानपत्रासोबतच्या चिठ्ठीवर तोच होता, आकड्याला आकडा.

"मग जोसेफ कोण?"

चहा घेऊन येणाऱ्या लुईझाबाई दारातच थांबल्या. "कोन जोसेफ?"

बाबांनी नजर केळीच्या बागेकडे वळवली.

"माझा भाऊ. मोठा. आठ महिन्यांचा असताना गेला, मी जन्मायच्या आधी," ते म्हणाले. "मला सोळावं लागलेलं, भरतीला अठरा पायजे होतं. चर्चच्या ऑफिसात जोसेफचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. क्लार्कने बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडलं आनि लिहून दिला. दफनाचं पुस्तक त्याने उघडलंच नाय."

"पंचेचाळीस वर्षं मग मी नांदले कोनाशी?"

"लग्नाला प्लासिडच उभा होता, लुईझा. जोसेफ नुसती गाडी चालवायचा."

लुईझाबाईंनी कप खाली ठेवला. बाबा आत्मारामांकडे वळले. "घरी पत्रंसुद्धा त्याच्याच नावाने धाडायला लागायची. मास्तर वाचून दाखवायचे. 'तुझा मुलगा जोसेफ' आलं की आई रडायची, आनि म्हनायची, परत वाचा. मी आलो तेव्हा ती दारात उभी. मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. म्हनाली, दोघं आलात का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. दोघं आलो." त्यांनी श्वास जमवला. "म्हनून नाव कोनाला दाखवलं नाय. खोटी भरती म्हनून सरकारने कागद परत नेला असता, तर जोसेफचं काय उरलं असतं? आठ महिनेच ना."

आत्मारामांनी उगाचच चष्मा पुसला. "ज्या सरकारने दिला ते केव्हाच बोटीत बसून गेलं, बाबा. न्यायला कोण येतंय?" मग त्यांना राहवलं नाही. "आणि हत्ती?"

"हत्ती थोडा वाढवलाय."

लुईझाबाई नवऱ्याच्या शेजारी खाटेवर बसल्या. "लिहा," त्या आत्मारामांना म्हणाल्या. "दोघांचं लिहा."

आता, मन भरून आलं तरी आत्माराम ते आत्मारामच. दुसऱ्या दिवशी चर्चच्या ऑफिसात जाऊन त्यांनी दोन्ही पुस्तकं उघडायला लावली. एकात फेब्रुवारी १९२३, जोसेफ, बाप्तिस्मा. दुसऱ्यात त्याच वर्षीचा ऑक्टोबर, जोसेफ, दफन. भिंग काढायची गरज नव्हती, तरी त्यांनी काढलं आणि त्या नावावर जरा जास्तच वेळ धरलं.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. अल्पेशने आत्मारामांचं पत्र वाचलं. "कागद अस्सल आहे. सन्मान जोसेफ डाबरे यांच्या नावाचा, काम प्लासिड डाबरे यांचं. दोघंही सांडोरचे." मग खाली लिहिलेली सगळी हकिकत वाचली, क्लार्कची, आईची आणि अकरा मैलांची. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचे, ज्यांनी हत्तीची नक्कल करत आयुष्य काढलं होतं, तेही नाही.

"जोसेफ डाबरे," अल्पेशने पुकारलं.

प्लासिडबाबा काठी टेकत उभे राहिले. टाळ्या झाल्या.

"प्लासिड डाबरे."

बाबा गोंधळले. ते तर उभेच होते. लुईझाबाईंनी त्यांचा कोट खाली ओढला.

"आधी बस," त्या हळूच म्हणाल्या. "मग परत ऊठ. त्याचं झालं, आता तुझं."

बाबा बसले, दम घेतला, आणि परत उठले.