ओटीतली सुपारी

सुपारी घरंगळत आली आणि बजाबाईच्या पायाच्या अंगठ्याला टेकून थांबली — हळदीनं पिवळी झालेली, एका अंगाला जराशी चपटी — आणि काय करावं हे मनानं ठरवायच्या आत अंगठ्यानं ती झाकलीसुद्धा. टेबलापलीकडं टाळ्या पडत होत्या. कुणाचं इकडं लक्ष नव्हतं. सगळं गाव पंचायतीच्या त्या एका खोलीत, खोलीच्या दारात आणि दाराबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून एकाच गोष्टीकडं बघत होतं : सोनाबाई मडमेची ओटी भरत होती.

मडमेला पदर कुठला असायला. सोनाबाई भरली ओंजळ घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली, तिच्या कपाळावर घाम आला — आला की, मी बघितला, आणि मला बरं वाटलं — पण मडमेनंच हसून गळ्यातला रेशमी रुमाल सोडला आणि दोन्ही हातांवर पसरून पुढं धरला. रेशीम ते, निसरडं. नारळ बसला, खण बसला, तांदूळ बसले. सुपारी तेवढी सटकली. बाकी सगळं झकास झालं. गोऱ्या कपाळावर कुंकू असं उठून दिसत होतं की दारातल्या बायका आपापसांत म्हणाल्या, बया, लक्ष्मीच की. आणि ते कुंकू लावणारं बोट सोनाबाईचं.

सोनाबाई धाकटी जाऊ. एका घरात दोघी आल्या, एका चुलीवर भाकरी थापल्या, मग चुली वेगळ्या झाल्या, मध्ये भिंत आली, आणि तेव्हापासून बजाबाई भिंतीपलीकडचं सगळं कानानं बघते — तिकडं कांडण चाललंय का, तिचा नवरा कोंडीबा जेवायला बसला का, धाकटी हसली ती कशाला हसली. आज ती टेबलाशी, खुर्चीवर, आणि बजाबाई कडेला, बायकांच्या सतरंजीवर. ती खुर्ची माझी होती…

खुर्चीवर कुणाचं नाव नसतं, ते खरं. पण पंचायतीत बाईची म्हणून जी जागा असते तिच्यावर दोन खेपा बजाबाई बसली. सही करायला शिकली. 'ब'चं पोट काढताना जीभ दातांत धरायची, पण अंगठा म्हणून उठवला नाही कधी. गावच्या आडाला कठडा नव्हता, पोरीबाळी वाकून पाणी शेंदायच्या, एखादीचा पाय सरकला की गावभर रडारड — तो कठडा तिनं सरपंच आबासाहेबाच्या डोक्यावर बसून बांधून घेतला. मग दुष्काळ सरला त्या साली नवरा गेला, महिपती. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. त्यांच्याबरोबर ही जागा पण जाते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आबासाहेब ओसरीवर येऊन बसला, बशीतला चहा फुंकत म्हणाला, "अक्का, तुमच्या शब्दाभाईर आमी न्हाय. पर बाईच्या जागेवर सवाष्ण बरी दिसती. सायब लोक येत्यात, ववाळाय लागतं, नारळ-ओटी आसती… तुमीच सांगा." आणि तिनं सांगितलं. आपल्याच तोंडानं सांगितलं — सोनीला घ्या. हिसकावून घेतली असं गावानं म्हणू नये म्हणून आपल्या हातानं दिली. देताना हात कापला नाही. आता कापतो. भिंतीपलीकडं बांगडी वाजली की कापतो.

सकाळी दोन जिपा आल्या तेव्हा ही खोली अजून झाडून व्हायची होती. पाहुण्यांना टेकवायचं कुठं? — बजाबाईच्या ओसरीवर. तेवढ्यापुरती ती थोरली. गोरे पुरुष होते, त्यांत एक टकल्या, एक ही मडम, आणि सोलापूरच्या कॉलेजातला बसप्पा मास्तर, त्यांच्या इंग्रजीचं मराठी करायला. मास्तरनं घसा साफ करून सांगितलं की ही माणसं युरोप खंडातली. तिकडं अठरा देशांच्या सरकारांनी मिळून एक मंडळ केलंय. गावाचा कारभार गावानं बघावा, जिल्ह्याचा जिल्ह्यानं, राजधानीत बसून कुणी गावच्या गटारीत बोट घालू नये, आणि हे जमवायचं कसं ते अठराजण एका टेबलाला बसून ठरवतात. एकाकडची चांगली रीत दुसरा घेऊन जातो. आपल्याकडं गाव, तालुका, जिल्हा अशा तीन पायऱ्यांचा कारभार आहे, तो कसा चालतो ते बघायला आलेत. बजाबाई ऐकून घेत होती, वाऱ्यानं उडणारा पदर दातांत धरून. अठरा सरकारं… हितं दोन चुलींचं जमत नाही. उकिरड्याच्या जागेवरून आम्ही दोघी अख्खा उन्हाळा एकमेकींशी बोललो नव्हतो, आणि पहिलं कोण बोललं ह्यावरून नंतर पावसाळाभर.

मग मडम पाय धुवायला आत आली. मास्तर उंबऱ्याशी थांबला. बजाबाईनं तांब्यानं पाणी घातलं. पाय गोरेपान, टाचेला भेग नाही. पण अंगठ्याशेजारचं हाड बाहेर आलेलं, माझ्यासारखंच, वय झालं की येतं तसं. ते हाड बघून ती माणसातली वाटली. म्हणून विचारलं — बाई बाईला विचारते तेच, त्यात वाकडं काही नव्हतं — "मालक काय करत्यात तुमचे?"

मास्तरनं तिकडं विचारलं, इकडं सांगितलं. मालक लढाईत गेले. लग्नाचं नवंपण सरलं नव्हतं तेव्हा. जर्मन फौज त्यांच्या देशात शिरली होती, तिच्या गोळीनं. मडम हे सांगताना टॉवेलनं बोटांच्या बेचक्या पुसत होती, सावकाश, एकेक. बजाबाईची नजर तिच्या हाताकडं गेली. अंगठी होती.

"अंगठी काढली न्हाई?"

"नाही म्हणतात," मास्तर म्हणाला. " का काढायची, असं विचारतात."

मग मास्तर आपणहून म्हणाला, शहरची माणसं बोलतात तसं कौतुकानं, की या त्यांच्या नगरपालिकेच्या अध्यक्ष आहेत, लोकांनी फिरून फिरून निवडून दिल्यात. बजाबाई म्हणाली, "रांडाव बाईला?" मास्तरनं ते मडमेला सांगितलं नाही. घाम पुसला आणि ओसरीकडं बोट केलं — ते टकले साहेब दिसतात ना, ते जर्मनीचे. दोघं त्या मंडळात एकाच समितीवर बसतात.

बजाबाईनं उंबऱ्यातून बघितलं. मडमेचा चहा निम्मा राहिला होता. त्यावर माश्या यायला लागल्या तेव्हा टकल्यानं इकडं-तिकडं बघून आपली बशी उचलली, झटकली, आणि तिच्या कपावर झाकण घातली. बस, एवढंच. मग परत डोंगराकडं बघत बसला. मी त्या बशीकडं बघत राहिले… माझ्या मालकाला कुणी मारलं नव्हतं, तापानं गेला. त्याच्यामागं माझा चहा कुणी झाकला नाही.

आणि भिंतीपलीकडं तेव्हाच नारळ सोलल्याचा आवाज येत होता. तबक तयार होत होतं. सोने, थांब — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बजाबाई म्हणाली नाही. मनात गोड गोड काहीतरी पाझरायला लागलं होतं, गुळाची ढेप उन्हात ठेवावी तसं. भर की ओटी. लाव की कुंकू, सगळ्या गावासमोर लाव. मग मी फक्त एकदा तोंड उघडीन. जिला सवाष्ण म्हणून खुर्चीवर बसवली तिनंच पंचायतीत विधवेची ओटी भरली — वर्षभर पुरेल गावाला. आणि त्याच तोंडानं आबासाहेबालाही विचारता येईल : ती अख्खं शहर चालवती, मग मला गावातली एक खुर्ची का पेलू नये? दोन्ही गोष्टी एकाच मुठीत. सकाळपासून ती मूठ घेऊन ती बसली होती, आणि आता तिच्या अंगठ्याखाली सुपारी होती.

टाळ्या थांबल्या. पुरुषांना टॉवेल-टोपी झाली. टकल्याला टोपी मोठी होत होती, ती कानावर आली, सगळे हसले, तोही हसला. मग मडमेनं काहीतरी विचारलं आणि मास्तरनं सोनाबाईला सांगितलं, तुम्ही बाईमाणसांनी पंचायतीत काय काम केलं ते यांना ऐकायचंय.

सोनाबाई उठली. खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

"आडाला कठडा बांधला की आमी."

झालं. हेच होणार होतं. बजाबाईच्या छातीत काहीतरी लख्ख उघडलं, जवळजवळ आनंदच. चोर आता सापडला. आमी! तू तेव्हा माहेरी होतीस बाळंतपणाला, गवंड्याला भाकरी मी घातली, आबासाहेबाची बोलणी मी खाल्ली — आता सांगतेच, आत्ता सांगते, एकदम सगळं…

"आमी म्हणजे कोण, असं विचारताहेत," मास्तर म्हणाला.

"आमी म्हंजी त्या." सोनाबाईनं हनुवटीनं दाखवलं. "त्या बसल्यात की तितं, आमच्या थोरल्या बाई. त्यांनीच बांधला. मी नुसता औंदा चुना लावला."

हशा झाला, चांगला, मनमोकळा. माना वळल्या. मडमही वळली, दोन्ही हातांत ओटी, म्हणून मानच लववली तिनं, चांगली खाली लववली. बजाबाईनं मान हलवली की नाही तिला आठवत नाही. इतकी वर्षं जपून पाळलेला राग, रात्रंदिवस चारा घातलेला, आणि त्याचं दावं एकदम कुणीतरी सोडून टाकलं. आता तो बांधायचा कुठं? चोरानं माल आणून उंबऱ्यावर ठेवला, वर पाया पडला. मोठेपणा पण हिलाच मिळायचा होता. चार लोकांत दुसरीचं नाव घेणं — हे मला सुचलं असतं? नसतं. हे तिला सुचलं याचीही जळजळ झाली, आणि ही जळजळ आधीच्यापेक्षा खोल होती, कारण तिला कारण नव्हतं.

तेवढ्यात शेजारची गुरम्मा सरकली. ती दुधनीची, बोलता बोलता कानडीत घसरणारी, आणि तिच्या कानी पडलं ते सांजेपर्यंत वेशीपलीकडं जातं. तोंडाला पदर लावून तिनं विचारलं, "मडमेचा नवरा कुटला गं अक्का, ह्यातला? तुज्या घरात बसली हुती की सकाळी."

घ्या. मागायलाही लागलं नाही. शब्द सकाळपासून जिभेवर होते, नुसते खाली ठेवायचे. बजाबाईनं तोंड उघडलं आणि गुरम्माकडं बघितलं. गुरम्माचे डोळे मडमेच्या कपाळावर होते, मायेनं, लेकीकडं बघावं तसे. ते डोळे आता कसे फिरतील हे बजाबाईला पाठ होतं — कपाळावरून निघतात, मनगटावर उतरतात, आणि मग जमिनीकडं जातात, जणू जमिनीवर काही सांडलंय. संक्रांतीला, बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला बघितलेत मी ते डोळे. मला वाटत होतं, एकदा सांगितलं की तिच्यामुळं माझी खुर्ची वर येईल. नाही. गाव मला वर घेणार नव्हतं, तिला खाली, ह्या सतरंजीवर आणून बसवणार होतं. माझ्याशेजारी.

"त्यो काय, टकल्या," मी म्हणाले. "शेजारचा."

"व्हय?" गुरम्मानं नीट बघून घेतलं. आणि त्याच वेळी टकल्यानं, ओटी जड झाली असं वाटून, मडमेच्या रुमालातला नारळ काढून आपल्या कुशीत धरला. गुरम्मा म्हणाली, "शोभतुया की जोडा. लई जीव लावतू गं."

ज्यांच्या माणसांनी तिचा नवरा मारला त्यातलाच एक तिचा नवरा करून टाकला मी. पाप म्हणावं, की काय म्हणावं… बजाबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. का वाचवलंस तिला? आणि तिच्यासकट सोनीलाही? आतून कुणीतरी विचारत होतं, सोनीच्याच आवाजात. पायात काटा मोडला असावा तशी ती वाकली, सुपारी उचलली, आणि सवयीनं कनवटीच्या पानसुपारीच्या चंचीत टाकली.

जिपा गेल्या. धूळ खाली बसली. कपबशा विसळून झाल्या. कुठली बशी टकल्याची होती हे ओळखू येतं का ते बजाबाईनं उगाच बघितलं. दिवेलागणीला भिंतीपलीकडं बांगडी वाजली. हात कापेल म्हणून ती वाट बघत राहिली. कापला नाही. त्यानं बरं वाटायला हवं होतं. उलट काहीतरी हरवल्यासारखं झालं.

"बाई," भिंतीपलीकडून सोनाबाईचा आवाज आला, दबका, "ओटीत सुपारी घातली का न्हाई मी? तुमच्या ध्यानात हाय का? मला मेलीला काय आठवंना. ओटी आपुरी गेली आसंल, तर तिच्या मालकाला काय…"

"तिच्या मालकाला आता काय न्हाय हुत," बजाबाई म्हणाली.

पलीकडं सोनाबाईनं श्वास सोडला, तो भिंतीतून ऐकू आला. "तुमी म्हंता म्हंजी बरं झालं," ती म्हणाली, पण ती भिंतीपासून हलली नाही, बांगडी वाजली नाही.

बजाबाईनं चंची सोडली. ती सुपारी हातात घेऊन बघावी, काय करायचं ते मग ठरवावं — भिंतीवरून द्यावी, की आडात टाकावी, की कातरून खावी. बोटं आत फिरली. सगळ्या सारख्याच लागत होत्या. चपटी म्हणून एक धरली, तर दुसरीही चपटी, तिसरीही. दिव्यापाशी नेल्या, तर हळद सगळ्यांनाच लागली होती, थोडी थोडी. अडकित्ता शेजारी उघडा पडला होता. कुठलीही घेतली तरी ती असू शकेल, आणि कुठलीही घेतली तरी नसेल… दिवसभर मी सोनीवर जळत होते, का त्या मडमेवर, का एका पालथ्या बशीवर — तेही आता बोटांना वेगळं लागेना. भिंतीपलीकडं ती अजून उभी होती. मी चंचीत हात तसाच ठेवून बसले, आणि कितीतरी वर्षांनी मला वाटलं, की तिनं आणखी काहीतरी विचारावं.