क्लचवरचा ठोकळा

मी गाडी बोलतेय. १९७२ सालची, चार दरवाज्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. बोलणार थोडंच, पण खरं. मध्ये कोणी बोलू नये.

मला आणलं आप्पांनी. नंबर लावून सात वर्षं थांबले, तेव्हा मी नारायण पेठेत आले. त्यांचे चिरंजीव अनंतराव तेव्हा बावीस वर्षांचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मंडईपाशी फ्लॉवरच्या ढिगात घातलं. त्यानंतर ते स्टिअरिंगला बसले नाहीत. कोणी विचारलं तर सांगतात, "मला चालवायचा कंटाळा आहे." पन्नास वर्षं टिकलेला कंटाळा मी दुसरा पाहिला नाही.

मग मंदाकिनीबाई सून होऊन आल्या. शाळेत गणित शिकवायच्या. उंची चार फूट नऊ इंच, आवाज सहा फुटी. आप्पा म्हणाले, "सूनबाई, गाडी तुम्ही शिका." त्या शिकल्या. क्लच तळापर्यंत दाबायला पाय पुरेना, तेव्हा आप्पांनी पेडलवर सागाचा ठोकळा बसवला. त्या ठोकळ्याच्या जोरावर मी चाळीस वर्षं चालले. शाळा, मंडई, दवाखाना, रविवारी खडकवासला. अनंतराव शेजारी बसून रस्ता सांगायचे. बाईंना तो ठाऊक असायचा.

पुढे मुलाने, आमोदने, बिनक्लचची गाडी घेतली आणि मी ताडपत्रीखाली गेले. नऊ वर्षं. माझ्या मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यायली. मी तक्रार केली नाही.

दोन वर्षांपूर्वी अनंतरावांनी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाची जाहिरात वाचली. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राहिलेल्या गाडीला पहिला मान. झालं. त्यांनी माझं जुनं माहितीपुस्तक मिळवलं, भिंग घेतलं आणि धोंडिबा मिस्त्रीला बोलावलं. हॉर्न जुन्या बाजारातून आला, आरसा कोल्हापूरहून. मूळ राखाडी कोणता हे ठरेना, म्हणून सात राखाडी भिंतीवर लावून पाहिले.

"भिंत छान झाली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "गाडी कधी?"

एके दिवशी धोंडिबा माझ्या पोटातून म्हणाला, "साहेब, क्लचवर ह्यो ठोकळा हाय. काढू?"

"पुस्तकात आहे?"

"नाय."

"मग विचारता काय?"

मंदाकिनीबाई दारात मेथी निवडत होत्या. ठोकळ्याकडे एकदा पाहिलं आणि काड्या जरा जोरात मोडल्या. त्या अशा काड्या मोडायला लागल्या की मला धास्ती वाटते.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. नियम असा, की गाडी घरच्याच माणसाने चालवत आणायची, नऊच्या आत. टेम्पोवर घालून आणली तर बाद. अनंतरावांनी आमोदला बसवलं.

"बाबा, गिअर कुठाय?"

"हातात धरलायस तो."

"हा वायपरचा नाही?"

मी तीन आचके दिले आणि बंद पडले. मुद्दाम नाही.

"अगं," अनंतराव घराकडे तोंड करून म्हणाले, "जरा येतेस का?"

बाई आल्या, बसल्या, पाय लांबवला. क्लच अर्धाच दबला.

"जरा पुढे सरक ना."

"सीट सरकायची तेवढी सरकली. पुस्तकाप्रमाणे बसवलीत ना?"

"मग आता?"

"आता काय. कारखान्याने तुमचा पाय मोजला होता, माझा नाही. चहा टाकते."

साडेआठ झाले होते. ठोकळा लावला तर पहिला मान जाणार. नाही लावला तर मीच जाणार नाही. अनंतराव माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. सकाळपासून हजर असलेल्या धोंडिबाने पिशवीतून ठोकळा काढला.

"भंगारात नाय टाकला. बाईंचा हाय ना."

"स्क्रू द्या," अनंतराव म्हणाले. इस्त्रीच्या पँटनिशी ते गुडघ्यावर बसले आणि डोकं स्टिअरिंगखाली घातलं. दोन मिनिटं स्क्रू ड्रायव्हर उलटा फिरवत होते.

"उजवीकडे," दारातून बाईंचा आवाज आला.

नऊला पाच कमी असताना आम्ही मैदानात शिरलो. परीक्षकाने बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिलं. "हे काय?"

"ठोकळा."

"हा मूळचा नाही. गुण कापावे लागतील."

"कापा. पेन्सिल बोथट असेल तर टोक करून देतो."

"पण लावलात कशाला? बाकी गाडी अगदी पुस्तकाबरहुकूम आहे हो."

अनंतरावांनी बाईंकडे बोट केलं. "हिला विचारा. गाडी हिची आहे."

"आज कळलं?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण पदर नीट करायला दुसरीकडे वळल्या.

पहिला मान मिळालेली गाडी आयुष्यात सव्वीस किलोमीटर चालली होती. बिचारीने काय पाहिलं असेल?

सध्या मी आठवड्यातून दोनदा बाहेर पडते. तब्येत उत्तम, रंग सात नंबरचा राखाडी. सांगणं एवढंच, की जुन्या गाडीचा कुठलाही स्क्रू काढण्याआधी ती चालवतं कोण, हे विचारा. पुस्तकात ते छापत नाहीत.

आता बाजूला व्हा. बाई किल्ली घेऊन आल्या. त्या हॉर्न वाजवत नाहीत आणि थांबतही नाहीत.