ताम्हिणीचा रस्ता बघून येतो

"डबल मारून आलेल्या मानसाला घाट दाखवू नको गो," असं खालच्या मजल्यावरचे गुणाजीकाका म्हणाले, तेव्हा नमिता हसली होती. काकांनी तीस वर्षं टँकर चालवलेला. त्यांना दर वळणावर कुणीतरी गेलेलंच आठवायचं.

मे महिन्यात वरशाच्या घरून निघायचं, कोलाडवरून ताम्हिणी घाट चढायचा, मुळशीच्या पाण्यावर एक मुक्काम. लग्नानंतरची पहिली सहल. कंपनीत सुट्टी मागून मिळत नाही, म्हणून तिचा नवरा हरेश दुसऱ्यांच्या शिफ्टा आपल्या शिफ्टला जोडून करत होता. सहलीच्या दिवसांत ते त्याच्या जागी उभे राहणार. सगळे तसंच करतात. सलग सोळा तास. त्यालाच डबल मारणं म्हणतात.

नमिताची काळजी निराळीच. तीन वर्षांच्या मनस्वीला गाडी लागते. उलटीचं औषध, जुने टॉवेल, लिंबू, सगळं वहीत लिहून झालं, तरी तिचं मन काही राहीना.

"सावली कुठं, पाणी कुठं, कठडा कुठं तुटलाय, काय माहीत नाय आपल्याला. पोरीला घेऊन असं आंधळं जायचं?"

"मॅडम, रस्ता झाडून पण ठेवू का?"

"चेष्टा नको. कुणीतरी आधी बघून यायला हवं."

"कुणीतरी म्हणजे मीच ना!"

आज सकाळी सातला त्याचा फोन आला. डबल संपली होती. "घरी येत नाय. बाईकवर तसाच ताम्हिणीला जातो, जेवायला परत. मिटली ना तुझी कटकट?"

आधी झोप काढ, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. तो जातोय याचं तिला बरं वाटलं होतं. "फोटो पाठव," ती म्हणाली.

फोटो आले. विळे गावाजवळची चहाची टपरी. मग एक वळण, खाली कोरडी दरी. तिसऱ्यात नुसतंच डांबर, तिरकं, चालत्या गाडीवरून काढल्यासारखं. नऊ वाजून दहा मिनिटं. पुढे काहीच नाही. घाटात रेंज नसते, असं तिने स्वतःला बारापर्यंत सांगितलं. मग एकपर्यंत. तीन वाजता ती मनस्वीला कडेवर घेऊन खाली गेली.

"ड्युटीवर कधी चढलेला?" काकांनी विचारलं.

"काल दुपारी तीनला."

काकांनी शेजारच्या पुंडलिकला जीप काढायला सांगितली आणि चपला घालताना म्हणाले, "तू सगल्या ग्रुपवर टाक. आमच्या आधी कोन तरी तिथनं जाईल."

पायरीवर बसून तिने लिहिलं:

'हे वाचणारे तुम्ही ताम्हिणीत असाल, तर विळ्याच्या पुढे गाडी हळू घ्या. काळी बाईक, अंगात कंपनीचा निळा शर्ट, नाव हरेश. झाडाखाली कुणी झोपलेला दिसला, तर झोपलाय म्हणून पुढे जाऊ नका. जवळ जा, हलवा, नाव विचारा. आणि कुणीच दिसलं नाही, तर कृपा करून कठड्याच्या पलीकडे एकदा वाकून बघा.'