राजवाड्याचा पडदा

“हा राजवाडा खाली घ्या!” दिनकरराव मंडपात शिरतानाच ओरडले.

दिवस कलला होता. जत्रेचं संगीत नाटक तोंडावर आलं होतं. राजाचा पार्ट करणारा चंद्रभान अर्ध्या रंगलेल्या तोंडानं म्हणाला, “मग मी काय उकिरड्यावर बसून राज्य करू का, मालक?”

कुणी हसलं नाही. दिनकरराव जत्रा कमिटीचे प्रमुख. त्यांची काठी पडद्यावरच्या महालाकडे नव्हती, खालच्या कोपऱ्याकडे होती. तिथं लिहिलं होतं : ‘आश्रुबा पेंटर, राजवाडा.’

राजवाडा म्हणजे आमच्या गावचा महारवाडा. वस्तीनं आपलं नाव बदललं होतं, गाव मात्र जुन्याच नावानं हाक मारी. त्यात ते साल विद्यापीठाच्या नामांतराचं. बोरीच्या आठवडी बाजारातसुद्धा माणसं एकमेकांकडे तिरकं बघत.

“विद्यापीठ पुरं न्हाई झालं? आता जत्रंतबी नामांतर करायलेत का?” दिनकरराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “पुसा ते. जुनं नाव लिवा. बन्सीधर, तूच पूस. चांगल्या कुणब्याचं पोर तू, ह्या आश्रुबाच्या नादानं लय बिघडलास. पुसलं तर नाटक, न्हाईतर न्हाई.”

वस्ताद पडद्याची दोरी धरून उभे होते. गावासाठी तो आश्रुबा होता, माझ्यासाठी वस्ताद.

मला नाटक बसवायला त्यांनीच शिकवलं. सरस उकळून रंग कसा बांधायचा, गॅसबत्ती कुठं टांगली की राजाच्या डोळ्याखाली सावली पडत नाही, पेटीवाला कुठं बसवला की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही पद कळतं. मी पोराबाळांचा बाप झाल्यावर अक्षरंही त्यांनीच गिरवून घेतली, ब्रशानं, जुन्या पडद्याच्या पाठीवर. ज्या गावासाठी त्यांनी एवढे महाल रंगवले, त्यानं त्यांना मंडपात कधी कपातून चहा दिला नाही.

वस्तादांनी ब्रश माझ्या हातात दिला. “पूस, बन्सी. लोकं गाड्या जुंपून आलेत. होऊ दे नाटक.”

मी ब्रश काळ्या रंगात बुडवला. दिनकरराव हसले. मी वाकलो. वरच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली लिहिलं : ‘यांचा शीष्य बन्सीधर, राजवाडा.’

दिनकरराव मोठ्यानं वाचायला लागले. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

“मंडप सोडा! बत्त्या उतरवा!” ते किंचाळले. “अन् तू हराम्या, ऱ्हा त्याच राजवाड्यात! गावच्या आडावर दिसलास तर तंगडं मोडीन.”

माणसं बांबू उपटू लागली. कुणीतरी वस्तादांच्या पायाशी धोंडा भिरकावला. चंद्रभाननं मुकुट काढला, एकदा माझ्याकडे आणि एकदा दिनकररावांकडे बघितलं, आणि तोंड पुसत तो दिनकररावांच्या मागं गेला.

वस्तादांनी दोरी सैल सोडली. पडदा खाली आला. गुंडाळायला ते वाकले आणि थांबले.

“शिष्यातली वेलांटी पहिली,” ते म्हणाले. “कितींदा सांगायचं तुला?”

रंग ओलाच होता. त्यांनी धोतराचं टोक थुंकीनं भिजवलं, दुसरी वेलांटी तेवढी पुसली आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन पहिली काढली. बाकी एकाही अक्षराला धक्का लागू दिला नाही.

मग रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं पडद्याशेजारी बसून राहिलो. मागं बांबू पडत होते.