किडनी जागी झाली

पंचफुला नांदायला आली तेव्हापासून सासऱ्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. तांड्यातली जुनी रीत. हिरासिंग समोर बसलेला असला तरी ती निरोप सासूकडे, नाहीतर नवऱ्याकडे द्यायची.

नवरा धावजी बाभुळगावला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. किडन्या निकामी झाल्या, दुकान सुटलं, डायलिसिसच्या फेऱ्या मागे लागल्या. मग एका दुपारी नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला. अपघातात मेंदू मृत झालेल्या एका बाईच्या घरच्यांनी तिचे अवयव द्यायचं ठरवलं होतं, आणि तिची किडनी धावजीला जुळत होती. नवरा-बायको मिळेल त्या गाडीनं निघाले.

किडनी दुसऱ्या शहरातून यायची होती. डॉक्टर शगुफ्ता मॅडमनी समजावलं, "रक्त थांबलं की किडनीला इजा होते. नुसत्या बर्फात ठेवली तरी थोडी होतेच. म्हणून ती यंत्रात येतेय. छोटा पंप तिच्यातून गार औषधी पाणी फिरवत राहतो."

पंप म्हटल्यावर धावजी उठून बसला. "अन् प्रेशर जास्त झालं तं?"

"आतल्या बारीक नळ्या बिघडतील. म्हणून कमीच ठेवतात."

"मंग ठीक हाय," म्हणून तो निवांत आडवा झाला.

ऑपरेशन नीट झालं, पण लघवी उतरेना. पुन्हा डायलिसिस लागलं. पलंगाला अडकवलेल्या रिकाम्या पिशवीकडे पाहून पंचफुलाचा जीव थाऱ्यावर राहत नव्हता.

"एवढ्या प्रवासात थोडा मार बसलाच तिला," मॅडम म्हणाल्या. "यंत्रामुळे निभावलं. झोपलीय, उठेल."

एका सकाळी नर्सनं पंचफुलाला आत बोलावलं. नळीतून पिवळा थेंब उतरला, मागोमाग दुसरा, आणि मग धारच लागली.

"पाहू नको ना वं," धावजी लाजून चादर ओढत म्हणाला.

"मी पाहीनच."

तिनं बाहेर येऊन सासूला फोन लावला. उचलला सासऱ्यानं. पंचफुला गप्प.

"कोन हाय? बोलत काहून नाही?" म्हातारा घाईघाईनं विचारू लागला. "माह्या धावजीले काही झालं का?"

आता गप्प राहणं तिला जमेना. "मामाजी, तुमचा पोरगा मुतला. पिशवी भरून राह्यली."

पलीकडे हुंदका की हसू, कळेना. मग बारीक आवाजात, "बाई, अजून एकडाव सांग."

तिनं सांगितलं. फोन बंद करायचं विसरून हिरासिंग अंगणात धावला, आणि मुतल्याची ती बातमी सगळ्या तांड्याला ओरडून सांगताना तिला ऐकू आला. पंचफुला दवाखान्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली.

निघताना तिनं देणाऱ्या बाईचं नाव विचारलं. ते सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. धावजी घरी आल्यावर सासू भुरीबाईनं लापशी शिजवली. पहिला घास त्या अनोळखी बाईसाठी काढून ठेवला, आणि मग तांड्याला वाढायला घेतलं. गोड बेतानं खा, असं मॅडमनी बजावलं होतं; धावजीनं तिसऱ्यांदा ताट पुढं केलं, तेव्हा पंचफुलानं ते ओढून घेतलं.