एक नंबरला बारामती

साहेब, तुम्ही मला फसवलंत. कुठं सही नाही, साक्षीदार नाही, त्यामुळं कोर्टात हे टिकणार नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून इथं लिहिते.

तुम्ही इंदापुरातले मोठे वकील. माझे अब्बा, बादशाहभाई, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतात. कॉम्प्युटरवर मी बसायचे, तुमच्या नोटिसाही तिथंच टाईप करून द्यायचे. दुकान उठवायची नोटीस आली तेव्हा तुम्हीच आमच्या बाजूनं उभे राहिलात. तेव्हापासून आमच्या घरात तुमचा शब्द शेवटचा.

बीए झाल्यावर मी एलएलबीची सीईटी दिली. निकाल लागला त्याच आठवड्यात तुम्ही दुकानात आलात. अब्बांनी खुर्ची पुसून दिली.

"साजिया, पुण्यात काय ठेवलंय? दोनशे पोरांत तुला कोण ओळखणार? बारामतीला टाक. सकाळी कॉलेज, दुपारनंतर माझ्या ऑफिसात बस. तीन वर्षांत दावा लिहायला शिकशील. पुण्याची पोरं नुसता काळा कोट घालून फिरत्यात."

"पुण्याला मूट कोर्ट असतं साहेब," मी म्हणाले. "हायकोर्टातले वकील येतात."

"ते नाटकातलं कोर्ट. हितं खरं हाय."

"व्हय साहेब," अब्बा म्हणाले. "आमी काय तुमच्या शब्दाभायेर न्हाय."

घरी अम्मीचं तेच. "येवढा मोठा माणूस आपल्या पोरीसाठी चालत आला. लोकं त्येंच्या दारात ताटकळत बसत्यात."

मला पुणंच पाहिजे होतं. वहीत कॉलेजांची नावं लिहून ठेवली होती, एक ते पाच सगळी पुण्याची. गुरुवारी फॉर्म भरताना एक नंबरला बारामती टाकली, बाकी पुणं खाली ढकललं आणि लॉक केला. एक नंबरचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेऱ्या बंद, हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मीच बजावायचे, दोनदा वाचा, नंतर हात लावता येत नाही. माझा फॉर्म मी एकदाही वाचला नाही.

शुक्रवारी शेवटची तारीख. सकाळीच तुमचा फोन. "आमच्या उत्कर्षाचा फॉर्म भरून टाक. यादी मोबाईलवर पाठवलीय."

उत्कर्षा तुमची मुलगी. यादी तुमच्या अक्षरात होती, तुमच्या नावाच्या पॅडवर. आठ नावं. आठही पुण्याची. मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल. मी फोन लावला.

"साहेब, बारामती राहिली यादीत. एक नंबरला टाकू का?"

"हिला कशाला बारामती? हिला पुढं जायचंय." तुम्ही सहज बोललात. कुणाला तरी चहा सांगत होता मधेच. "आहे तसं भर. आणि ती पवारांची नोटीस दुपारपर्यंत टाईप करून ठेव."

मी आहे तसं भरलं. आठही नावं दोनदा वाचली. मग लॉक केलं.

प्रिंट न्यायला उत्कर्षा स्वतः आली. "तू कुठलं टाकलंस?"

"बारामती."

"बरंय की. घरचं जेवण. मला मेसचं खाऊन मरायचंय."

मी कागदांना पिन मारून दिली. ती वाईट नाही, साहेब. तिला माहीतच नव्हतं.

पहिल्या फेरीत मला बारामती लागली. उत्कर्षाला यादीतलं तिसरं कॉलेज मिळालं. मला तिच्यापेक्षा एकवीस मार्क जास्त होते. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले, तुम्हाला डबा भरून दिला. तुम्ही एक तोंडात टाकलात आणि म्हणालात, "पयल्याच झटक्यात." मीही हसले.

आता सहाची एसटी, बारामती, दोनला परत, मग सातपर्यंत तुमचं ऑफिस. कॉलेजवर माझा राग नाही, तिथं नीट शिकवतात. बसमध्ये वाटेतलं भवानीनगर कधी येतं, कधी जातं, कळत नाही. तीन महिन्यांत तुमच्या किती नोटिसा टाईप केल्या ते मोजलं नाही. दावा कसा लिहायचा ते तुम्ही एकदाही दाखवलं नाहीत. विचारलं तर म्हणता, "आधी हात बसू दे." माझा हात कॉलेजच्या आधीपासून बसलेला आहे. तो बसलाय हे बघूनच तुम्ही आला होता का?

काल एका पक्षकाराला तुम्ही म्हणालात, "ही आमची मुलगीच." तो म्हणाला, "नशीबवान हाय पोरगी." मी टाईप करत राहिले. काही वाटलं नाही. त्याचंच मला वाईट वाटतंय.

तुम्ही उलटतपासणीत साक्षीदाराला तारखेवर धरता, मी बघितलंय. आता मी तुम्हाला धरते. उत्कर्षाची ती यादी तुम्ही कधी लिहिलीत? आमच्या दुकानात येऊन मला बारामती सांगायच्या आधी, का नंतर? उद्या दोनला मी ऑफिसात येईन. कॉम्प्युटर चालू करणार नाही. तारीख सांगा, साहेब.